उखर्डूची सरळ रेघ

जळगाव,
रविवार, २४ नोव्हेंबर १९९१

तीर्थस्वरूप झुंबरअक्का यांना जीवरामचा वाकून नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तुम्ही न वाचताच देवळीत ठेवून द्याल, अशी मला भीती आहे. ठेवा, पण वाचून ठेवा.

इकडे सर्व ठीक. थंडी यंदा लवकर पडली, केळीवाले काळजीत आहेत. मोठीचं लग्न जमण्याच्या बेतात आहे. मुलगा दोंडाईच्याचा, एस.टी.त मेकॅनिक आहे, हात काळे असतात पण बोलणं स्वच्छ. तुमचे गुडघे कसे आहेत? तेलाने उतार पडत नसेल तर चोळणं बंद करा. चोळून सांध्याची झीज भरून येत नाही, हे मी वाचलेलं आहे. पिंपळनेरला डोंगरावरून वारा येतो, तेव्हा रात्री पायांवर काहीतरी घेत जा.

पत्राला कारण उखर्डू. ‘आपला उखर्डू’ असं लिहिणार होतो, पण ‘आपला’ हा शब्द या पत्रात मला जपून वापरायचा आहे.

मी काय काम करतो हे तुम्हाला कुणी ‘दवाखान्यात वायरी लावतो’ असं सांगितलं असेल. तसं नाही. मी हृदयाची पट्टी काढतो, ईसीजी म्हणतात तिला. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोन्ही वेळा इंग्रजीने पाडलं. पुढे त्याच इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं. त्याआधी रेडिओ दुरुस्तीत हात बसलेला होता, म्हणून यंत्राची खरखर कोणती आणि माणसाचं दुखणं कोणतं, हे वेगळं काढणं मला जड गेलं नाही. मनगटाला आणि घोट्याला पट्टे, छातीवर रबरी फुगे, खाली जेली; त्यांना जोडलेली वायर म्हणजे लीड. कातडी आधी स्पिरिटने पुसायची. फुगा गार लागू नये म्हणून क्षणभर तळहातात धरायचा, नाहीतर माणूस दचकतो आणि पट्टीवर त्याचं दचकणं उमटतं. इतक्या वर्षांत माझ्या पट्टीवर ‘लीड सैल आहे, पुन्हा काढा’ असा शेरा एकदाही पडलेला नाही. डॉक्टरसाहेब हे चारचौघांत सांगतात. फुशारकी म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडी आहेच, पण पुढे याचा संबंध येणार आहे.

तर, दसऱ्यापासून उखर्डूचा अंतर्गळ वाढला. जांघेत उतरलेलं आतडं पूर्वी आडवं पडलं की आपलं आपण वर जायचं, आता हाताने ढकलावं लागतं. धुळ्याच्या सर्जननी सांगितलं, एखाद्या दिवशी ते अडकून पिळलं तर धावपळ करूनही उपयोग होणार नाही, ऑपरेशन करून घ्या, मात्र त्याआधी हृदय तपासून चिठ्ठी आणा. म्हणून दिवाळी झाल्यावर सुगंधा नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली.

पट्टी मीच काढली. पहिल्याच खेपेला आली. एकेक ठोका सुबक, वेगळा, वाचता येण्यासारखा. यात तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. मला मात्र स्टूल ओढून बसावं लागलं.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी उजेडाकडे धरली, चष्मा वर केला. “जीवराम, हे ताजं दिसतंय. दोन-तीन महिन्यांतलं. यांना झटका येऊन गेलाय.”

उखर्डू कॉटवरूनच म्हणाला, “कोनले?”

“तुम्हाला.”

“मले? मंग मी तवय कोठे व्हतू?”

डॉक्टरसाहेब हसले. मग त्यांनी विचारलं, श्रावणाच्या सुमाराला छातीत कधी दुखलं होतं का. उखर्डूने बराच विचार केला. “कानबाईले नदीवर लई गऊत ना, त्या दिन. मले वाटनं, रोट जड पडना.”

कानबाईच्या विसर्जनाच्या त्या सोमवारबद्दल आणि आदल्या रविवारच्या रोटाबद्दल मला लिहायचं आहे, पण आत्ता नाही. आधी वैद्यकीय भाग पुरा करतो.

हृदयाच्या रोग्याचं दुसरं एखादं ऑपरेशन करायचं तर धोका किती, हे डॉक्टर लोक अंदाजाने सांगत नाहीत. त्याला गुण असतात. परदेशात कुणी हजारभर रोगी तपासून ते ठरवले. सहा महिन्यांच्या आत झटका आला असेल तर इतके, मानेची शीर फुगली असेल तर इतके, ठोका वरचेवर चुकत असेल तर इतके, घाईचं ऑपरेशन असेल तर आणखी. सगळ्यांची बेरीज. ही एकच परीक्षा मी अशी पाहिली जिच्यात ज्याला गुण कमी तो पास. आपला माणूस (पाहा, आला हा शब्द) तिसऱ्या वर्गात बसला. म्हणजे शंभरातल्या दहा-बारा जणांना टेबलावर किंवा पुढच्या दिवसांत काहीतरी गंभीर होतं, त्या शंभरातला. सहा महिने थांबलं तर गुण कमी होतील, पण आतडं थांबणार नाही. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं, अडकल्यावर घाईने करण्यापेक्षा तयारीने केलेलं बरं. पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन देऊन. ते स्वतः येणार, आणि धुळ्याला ऑपरेशनभर आमचं मशीन लावून मी बसणार. सगळं योग्य आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं.

तारीख ठरली आहे. पाच डिसेंबर, गुरुवार.

आता जे लिहितो ते आजवर फक्त आईला माहीत होतं, आणि ती गेली.

मशीन नवीन होतं तेव्हा, पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, डॉक्टरसाहेबांची परवानगी काढून मी घरच्या सगळ्यांना एका सुटीच्या दिवशी दवाखान्यात आणलं होतं. प्रत्येकाची पट्टी काढून दाखवायची हौस. आईची काढली, माझी बायकोने बटण दाबून काढली, पोरांच्या काढल्या. उखर्डू शेवटी आडवा झाला. तोंडात पेपरमिंट होती. मी बटण दाबलं, कागद सरकू लागला, आणि कागदावर रेघ.

नुसती रेघ, अक्का. फूटपट्टी लावून ओढल्यासारखी.

मी पट्टे सोडले, कातडी परत पुसली, जेली बदलली. रेघ. केबल काढून स्वतःला लावली, माझ्या डोंगर-दऱ्या व्यवस्थित आल्या. तीच केबल परत त्याला लावली. रेघ. तो पेपरमिंट कडाकडा चावत विचारतोय, “दखाड ना, मना काय निंघनं?” छाती वरखाली होते आहे. नाडी माझ्या बोटाखाली टणटणीत लागते आहे.

तुम्ही म्हणाल, लीड सैल असेल. डॉक्टरसाहेबांनाही दाखवलं असतं तर तेच म्हणाले असते. म्हणूनच दाखवलं नाही. सैल लीड मी ओळखतो. लीड सैल असली की खोलीतल्या विजेची गुणगुण कागदावर उतरते, बारीक करवतीच्या दातांसारखी. पंखा चालू असला तरी उतरते, कुणी हलला तरी रेघ थरथरते. ही रेघ थरथरत नव्हती. जिथे काहीच जोडलेलं नाही तिथेसुद्धा इतकी शांतता नसते. मी ती पट्टी फाडून खिशात टाकली आणि उखर्डूला म्हटलं, तुझं एकदम झकास आहे.

त्या सुटीनंतर गावी गेलो तेव्हा आई ओट्यावर गहू निवडत होती. तिला हळूच सांगितलं. वाटलं होतं, घाबरेल. तिने सुपातला खडा उचलून बाहेर फेकला आणि म्हणाली, “तो दिसाव नई. त्याले आपन टाकेल शे ना.” आणि पुढचा खडा शोधू लागली.

मग मला एकेक गोष्टी आठवत गेल्या. त्या मी जुळवल्या नाहीत, त्या पडलेल्याच होत्या. माझ्या लग्नातल्या घरच्यांच्या फोटोत तो नाही. फोटोवाल्याने बटण दाबलं त्याच क्षणी तो चप्पल शोधायला वाकला होता. शेजारी झोपलेल्या आम्हाला डास फोडून काढायचे, त्याच्या अंगावर एक गांधी नसायची. गावातलं एकही कुत्रं त्याच्यावर भुंकायचं नाही, परगावचंसुद्धा. बाबा गेले तेव्हा तुम्ही होतात. शेवटच्या दिवशी बाबांनी डोळे उघडून एकेकाला ओळखलं, तुम्हालाही ओळखलं. आणि विचारत राहिले, “उखर्डू कोठे शे? उखर्डू उना नई का?” उखर्डू त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बसला होता. “आठेच शे मी, बाबा,” म्हणून रडत होता. बाबा त्याच्या आरपार दाराकडे पाहत होते.

तेव्हा आपण सगळे म्हणालो, वातात बोलताहेत.

या खेपेला जळगावच्या स्टँडवर तो उतरला आणि कोपऱ्यात झोपलेली कुत्री उठून त्याच्यावर धावली. सुगंधा ओरडली. तो मात्र खूश. “भाऊ, दखं, मले भुकी ऱ्हायनात!” रिक्षात बसल्यावरही मागे वळून पाहत होता, वऱ्हाडाने वाजतगाजत घ्यायला यावं तसा चेहरा करून. सकाळी उठला तर हातभर डास चावलेले. तेही मला कौतुकाने दाखवले.

डॉक्टरसाहेबांनी त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. शेजारच्या कॉटवर रावेरकडचे एक म्हातारे होते, हृदय पार दमलेलं, पाय सुजलेले. तीन दिवस त्यांनी कुणाला ओळख दिली नव्हती. पोटचे मुलगे समोर उभे राहिले तरी छताकडे बघत. दुपारी मी पट्टी काढायला गेलो तेव्हा उखर्डू पाणी प्यायला उठला होता. म्हाताऱ्यांनी मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं, सरळ त्याच्याकडे. सुजलेले पाय हळूहळू आखडून घेतले, कॉटवर जागा केली, आणि हाताने थोपटून म्हणाले, “ये भो, बस. तुनीच वाट देखी राहिंतू मी.”

उखर्डू बसला. काय करणार, म्हातारा माणूस बोलावतोय. म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरला आणि तसेच गेले. त्यांची बोटं मी सोडवली.

इथे थांबतो. उजेड कमी झाला आहे आणि दिवा लावून हे लिहायची माझी इच्छा नाही.

सोमवार, दुपार

काल लिहिलेलं सगळं वाचून पाहिलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, दुरुस्त केल्या. एक गोष्ट मात्र लिहायचीच राहिली आहे. राहिली नाही, मी ठेवली.

क्रमाने लिहितो. तुम्हाला माहीत असलेलंही लिहितो, क्रम सोडला की मला लिहिता येत नाही.

माझ्या पाठीवरची दोन मुलं आईच्या हातात गेली. उखर्डू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. बाराव्या दिवशी आईने त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मी खांबाला धरून उभा होतो. शेणाची, राखेची वाफ निघत होती आणि त्यात सूप, आणि सुपात तो. आई पाठ फिरवून उभी राहिली, तिने मागे पाहायचं नव्हतं. मग तुमची आई भिकूमावशी गल्लीतून आल्या, बरोबर तुम्ही, परकर खोचलेला. मावशी मोठ्याने म्हणाल्या, “हाई कोनं टाकेल शे? मी लई जास.” आमच्यातलं कुणी बोललं नाही. मावशींनी पदरातला कोंडा पसाभर उकिरड्यावर ओतला, तीच किंमत. आणि पोर उचलून तुमच्या कडेवर दिलं. तुमच्या घरून ते आमच्याकडे नुसतं वाढायला आलं. त्याचं नाव उखर्डू पडलं ते तसं. जे नेतं ते आमच्या दारात येऊन मोजणार, आणि आमच्या मोजणीत तो नसणार, एवढीच युक्ती.

म्हणून श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात तेव्हा आईने त्याच्या नावाची मूठ कधी घेतली नाही. रोट भाजले जात, आम्ही आत बसून खात असू, आणि तो ओसरीवर. त्याच्यासाठी तुमच्याकडून झाकलेलं ताट यायचं. तुमचं लग्न होऊन तुम्ही पिंपळनेरला गेलात तरी चुकलं नाही. तो ताट आवडीने खायचा. पण वास आतून यायचा तेव्हा त्याची मान कशी वळायची, ते मी पाहिलं आहे.

आई गेल्यावर यंदा पहिल्यांदा मोजायला मी बसलो. म्हणजे मोजत होती सुगंधा, मी शेजारी बसून नावं सांगत होतो. मला मोजणी चुकलेली चालत नाही. घरात पुरुष आठ आणि मुठी सात, हे माझ्या डोळ्यांना लहानपणापासून खुपत होतं. मी म्हटलं, “आठवी घे. उखर्डूची.” सुगंधा थांबली. तिने मूठ उघडली नाही. मीच तिच्या हाताखाली परात सरकवली.

उखर्डू दारात उभा होता. त्याने ते ऐकलं आणि उपरण्यात तोंड घालून रडला, अक्का. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

आणि मग तुम्ही आलात. झाकलेलं ताट घेऊन, एस.टी.त उभ्याने आला होतात बहुतेक, घामाघूम. मी दारात आडवा झालो. काय बोललो ते तुम्ही विसरला नसाल, तरी लिहितो, म्हणजे मी विसरलेलो नाही हे तुम्हाला कळेल.

“जीवराम, सरक. मना भाऊ जेवाना शे अजून.”

“तो तुमचा भाऊ नाही, अक्का. आमच्या घरचा माणूस आमच्या घरचं खाईल. आता ही पद्धत बंद.”

“तानुमायनी बंद करी का?”

“आई गेली. मी केली.”

तुम्ही ताट ओट्यावर ठेवलंत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. माझ्याकडे पाहून म्हणालात, “मोजस त मोज. पन मोजनारा तू एकलाच नई शे, जीवराम.”

आणि स्टँडकडे चालू लागलात. ताटाला दिवसभर कुणी शिवलं नाही. संध्याकाळी सुगंधाने ते गायीपुढे ठेवलं, गायीनेही हुंगून सोडलं. दुसऱ्या दिवशी कानबाईला नदीवर नेलं, तेव्हा पांझरेच्या काठावर उखर्डू छाती चोळत खाली बसला. मला वाटलं, उन्हाने. रोट जड पडला असं त्याला वाटलं, आणि डॉक्टरसाहेबांच्या पट्टीवर ते झटका म्हणून उतरलं.

मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चिंता, रोटातलं तूप, भावाची विडी, आमच्या बाबांचा रक्तदाब, सगळ्यांचा हिशेब लावून त्याला झटका आला हे मी तुम्हाला अर्ध्या पानात सिद्ध करून देईन. पण पट्टीवर जे उमटलं ते पटत नाही म्हणून मी कधी खोडलं नाही. पंच्याऐंशीची रेघही मी पाहिली आणि परवाचे ठोकेही. दोन्ही माझ्या हाताने काढले. मधे बदललं ते एकच, सव्वा मूठ गहू.

ही गोष्ट मी उखर्डूला समजावली. ‘भाऊ, तुला परत टाकून द्यावं लागेल’ हे कुठल्या तोंडाने सांगतात ते मला विचारू नका. तो आधी हसला. “मी का सुपडामा मावसू का आते? सूप फाटी जाई.” मग हसणं थांबलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “मले परत उकिरडावर नका टाका. एकदाव मोजं ना मले. बस शे. आते मरनू त घरनाच मरसू.”

मी चिडलो. मी म्हणालो, तू गेल्यावर सुगंधाचं काय, तर तो म्हणाला, ती त घरनीच शे ना. जन्मभर दाराबाहेर उभा राहिलेल्या माणसाला मी आत घेतलं, आणि आता मीच त्याला बाहेर जा म्हणतोय. त्याने जेवण अर्धं टाकलं. रात्रीच्या गोळ्या घेतल्या नाहीत. सकाळी मात्र आपण होऊन माझ्याजवळ आला आणि विचारलं, “अक्का ई का?”

मी म्हटलं, “मी तिला दारातून परत पाठवलं, ती कशाला येईल?”

“अक्का उनी त जासू,” तो म्हणाला. “अक्कानी उचलं त मी कोनना तरी व्हसूच ना.”

म्हणून हे पत्र.

अक्का, येत्या रविवारी, एक डिसेंबरला, गावी या. पिंपळनेरहून सकाळच्या गाडीने निघालात तर उन्हं चढायच्या आत पोचाल. उकिरडा आहे तिथेच आहे. राख नवी, जागा जुनी. सूप मी मोठ्यातलं मोठं आणून ठेवलं आहे. तो त्यात मावणार नाही हे उघड आहे. एक पाऊल सुपात ठेवून उकिरड्यावर बसवला तर चालतं का, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही. ते तुम्ही ठरवा, मी मान्य करीन. कोंडा तुमच्या घरचाच आणा. भिकूमावशींचे शब्द तुम्हाला पाठ असतील. तुम्ही ते बोलाल तेव्हा आमच्याकडचं कुणी उत्तर देणार नाही. आईच्या जागी मी उभा राहीन, पाठ फिरवून. मागे पाहणार नाही. मला प्रत्येक गोष्ट वळून तपासायची सवय आहे हे तुम्हाला माहीत आहे, तरीही.

रविवारनंतर तो तुमच्या घरचा. त्याच्या दुखण्या-खुपण्याला तुम्हाला विचारलं जाईल. उद्या काही झालं तर अग्नी द्यायचा हक्क तुमच्या मुलांचा, माझा नाही. श्रावणात आमच्या परातीत सात मुठी पडतील आणि मी सात मोजून गप्प बसेन. ताट घेऊन तुम्ही आलात तर दार मी उघडीन, आणि नाही आलात तर तो ओसरीवर उपाशी बसेल, हेही मला माहीत आहे.

एक अडचण उरते. ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ही दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही.

तुम्ही त्याला उचललंत आणि पुढचं सगळं पूर्वीसारखं झालं, तर गुरुवारी टेबलावर मी त्याला मशीन लावीन तेव्हा कागदावर सरळ रेघ येईल. ऑपरेशनच्या खोलीत सरळ रेघेचा अर्थ एकच. सर्जन चाकू टाकतील, डॉक्टरसाहेब त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देतील, सुया टोचतील, विजेचा धक्का देतील. धडधाकट चालणाऱ्या हृदयाला. आधीच झटका खाल्लेल्या हृदयाला. वाचलेला माणूस ते वाचवण्यानेच मारतील.

म्हणून मी ठरवलं आहे. माझं एक बोट पहिल्यापासून त्याच्या मनगटावर राहील. भूल देणाऱ्या बाईंनाही आधीच सांगून ठेवीन, नाडी हातानेच पाहत राहा. आणि रेघ आली की मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, “साहेब, लीड सैल आहे. चूक माझी.” ते पुन्हा लाव म्हणतील, मी पुन्हा लावीन, रेघच येईल, आणि मी पुन्हा तेच म्हणेन. टाके पडेपर्यंत म्हणत राहीन. डॉक्टरसाहेब माझ्याकडे कसं पाहतील ते मला आत्ता दिसतंय. पुढे पट्टीवर त्यांच्या अक्षरात तो शेरा पडेल, जो आजवर पडला नाही. पडू दे.

आणि जर पट्टीवर ठोके आले, एकेक सुबक, वाचता येण्यासारखे, तर मी काहीच बोलणार नाही. मग मला कळेल की तुम्ही आला नव्हतात, किंवा आलात पण उशीर झाला होता.

उखर्डू आत्ता माझ्याकडेच आहे. बाहेर पायरीवर बसून गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी टाकतोय. ती खातात आणि भुंकतात. मी खिडकीतून पाहतो तेव्हा तो हात हलवतो. पत्र कुणाला लिहितोय ते त्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, “अक्काले सांग, कोंडा चाळी आन. भरडा नको.”

मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावलंत तरी चालेल.

तुमच्या भावाचा शेजारी,
जीवराम